दप्तरात येणारे घर

नववीच्या पहिल्या घटक चाचणीचे गुण लागले की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते. "आठवीपर्यंत बरा होता हो, आताच काय झाले कोणास ठाऊक!" गणिताचा शिक्षक म्हणून मी हे वाक्य जवळजवळ तीस वर्षे ऐकले. त्याची उत्तरेही ठरलेली असतात. वयच तसे आहे, संगत बिघडली, घरी लक्ष नाही, आणि अलीकडे अर्थातच मोबाइल. ही उत्तरे सर्वस्वी खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. पण वर्गशिक्षकाने गुणपत्रिका बाजूला ठेवून हजेरीपट जरा निरखून पाहिला, तर त्यात एक निराळीच गोष्ट लिहिलेली सापडते. एखादी मुलगी आठ-पंधरा दिवसांतून नेमकी एक दिवस का येत नाही, एखादा मुलगा लग्नसराईतच का झोपाळतो, दिवाळीच्या सुट्टीनंतर चार बाके रिकामी का राहतात, याची उत्तरे संगतीत किंवा वयात नसतात. ती घरखर्चाच्या वहीत असतात.

आमची शाळा शहराच्या पूर्व भागातली, अनुदानित. मुकुंदवाडी, चिकलठाणा आणि आसपासच्या वस्त्यांमधली मुले तिच्यात येत. या वस्त्या कशा वाढल्या ते इथल्या वाचकांना सांगायला नको. आधी चिकलठाण्याची एमआयडीसी, मग वाळूज. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि जालना, बीड, सिल्लोड, कन्नडकडची माणसे औरंगाबादेत खोल्या शोधू लागली. त्या पहिल्या पिढीतल्या ज्यांना 'परमनंट' हा शब्द लाभला, त्यांची मुले इंजिनिअर झाली, काही पुण्याला गेली, काही परदेशी. ज्यांना तो लाभला नाही, त्यांची मुले आमच्याकडे. वडील ठेकेदाराकडून कामावर, सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक', पुन्हा नवा ठेकेदार, पुन्हा नवे ओळखपत्र. ब्रेकच्या महिन्यात घरात काय चालते हे बाप शाळेत येऊन सांगत नाही. पोरगा मात्र वहीची मागची पाने आडवी-उभी दोन्हीकडून भरू लागतो. गणिताच्या शिक्षकाला ते चटकन दिसते, कारण भूमितीच्या आकृत्यांना जागा लागते.

हजेरीपटाकडे वळू. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, ही इथली वर्षानुवर्षांची कहाणी. जायकवाडीचे धरण पन्नासेक किलोमीटरवर, तरी पाणी येणार तो दिवस म्हणजे घरातला सण. ज्या घरी मोठी टाकी आणि मोटार आहे, तिथे तो सण कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या घरी आई धुण्याभांड्याच्या कामाला आणि बाप कंपनीत, तिथे पाणी भरायला कोणीतरी थांबावे लागते, आणि ते कोणीतरी म्हणजे नववी-दहावीतली मुलगी. लहान भाऊ शाळेत जातो, कारण त्याच्याने हंडा उचलत नाही. वर्षाचा हिशेब मांडला तर तिचे असे कितीतरी दिवस पाण्यात जातात, आणि बीजगणिताचे एकेक प्रकरण नेमके त्याच दिवशी सुरू झालेले असते.

मुलांचे निराळे. बीड बायपासवर आणि जालना रोडच्या बाजूला मंगल कार्यालयांची रांग आहे. लग्नसराईत तिथे वाढपी लागतात. काळी पँट, पांढरा शर्ट, कार्यालयात शिरताना मिळणारा एक जुनाट कोट, आणि रात्री बारा-एकपर्यंत पंगती किंवा बुफे. हाती काही पैसे पडतात, जेवण मिळते, कधी उरलेले घरीही नेता येते. पंधरा वर्षांच्या मुलाला यात गैर काही वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. घरात पैसे दिले की आई जरा वेगळ्या सुरात बोलते. पण लग्नाचे मुहूर्त आणि दहावीच्या सराव परीक्षा यांचे कॅलेंडर एकच. सकाळच्या पहिल्या तासाला ही मुले डोळे उघडे ठेवून झोपतात. त्यांना फळ्यासमोर उभे केले तर ती खडू हातात धरून उभी राहतात, एवढेच.

आठवीपर्यंत बरा आणि नववीत बिघडला, या चमत्काराचे एक कारण तर थेट कायद्यातच आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. नववीच्या जूनमध्ये हे सगळे एकाच दिवशी थांबते. मुलींना बारावीपर्यंत फी नाही, हे खरे. आणि २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचीही फी माफ झाली, हे मोठेच पाऊल. पण आमच्या भागात फी हा कधीच मुख्य खर्च नव्हता. खर्च असतो तो पुस्तकांचा, वह्यांचा, गाईडचा, प्रयोगवहीचा, रिक्षाचा, बुटांचा, बोर्डाच्या फॉर्मचा, आणि आता रिचार्जचा. यातली एकही रक्कम अशी नसते की जिच्यासाठी कोणी दानशूर शोधावा, किंवा वर्तमानपत्रात मदतीचे आवाहन छापावे. दीडशे, ऐंशी, चारशे. त्या नेमक्या दिवशी त्या घरात नसतात, इतकेच. 'उद्या आणतो सर' हे वाक्य मुलगा तीनदा म्हणतो. चौथ्या दिवशी तो येत नाही.

दुपारच्या खिचडीवर पुष्कळ विनोद होतात. मला एवढेच ठाऊक आहे की आठवीच्या वर्गात मी पाचव्या तासाला समीकरणे शिकवू शकत असे आणि नववीच्या वर्गात त्याच वेळी शिकवणे जड जाई.

पैशाची चणचण डोक्यात शिरून काय करते, यावर एक अभ्यास आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी बुद्धीच्या चाचण्या दोनदा दिल्या. एकदा ऊस तुटायच्या आधी, हात आखडलेला असताना आणि दागिने गहाण पडण्याच्या दिवसांत. आणि एकदा उसाचे पैसे हाती आल्यावर. माणसे तीच, डोकी तीच. तोडणीआधी मात्र त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. २०१३ मध्ये हा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. गरीब माणूस कमी बुद्धीचा म्हणून गरीब राहतो, असे मनातल्या मनात मानणारी बरीच मंडळी आपल्यात आहेत. त्यांना हा निबंध नीट उलटे उत्तर देतो. चिंता डोक्यातली जागा खाते, आणि उरलेल्या जागेत जेवढे मावेल तेवढेच मावते. तो अभ्यास प्रौढांचा होता. पण ब्रेकच्या महिन्यात पायथागोरसचा सिद्धांत सिद्ध करणाऱ्या मुलाची अवस्था काय असेल, त्याची कल्पना त्यावरून करता येते.

तरीही मूल पैशाच्या अभावाने थेट खचते असे मला वाटत नाही. मधे एक दुवा असतो, आणि तो म्हणजे घरातला आवाज. अमेरिकेत आयोवा राज्यात १९८० च्या दशकात शेतीचे दिवाळे निघाले, जमिनी लिलावात गेल्या. तिथे रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून ४५१ ग्रामीण कुटुंबांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. घरात मूल होते ते बाराएक वर्षांचे, सातवीतले. त्यांना जे दिसले ते मराठवाड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला ओळखीचे वाटेल. कर्जाने आईबाप आधी खचतात, मग एकमेकांवर चिडतात, मग मुलांशी तुटक किंवा कडक वागू लागतात, आणि मुलांचे बिघडते ते या शेवटच्या पायरीवर. जिथे ओढगस्त असूनही आईबापांचे एकमेकांशी आणि मुलांशी धड बोलणे राहिले, तिथली मुले बरीच सावरलेली होती.

आमच्याकडे दोन्ही प्रकारची घरे होती. एका मुलाचे वडील मालवाहू रिक्षा चालवत. कर्जाचा हप्ता थकला आणि गाडी ओढून नेली. तो मुलगा मला म्हणाला, "सर, पप्पा आता घरीच असतात. पण बोलत नाहीत." गाडी गेल्यापेक्षा हे त्याला अधिक लागले होते. रात्री दिवा लवकर मालवला जाई, विजेच्या बिलासाठी नव्हे, तर कोणालाच कोणाचे तोंड पाहायचे नसे म्हणून. याच गल्लीत दुसरे घर, तिथेही काम सुटलेले. पण ती बाई रोज संध्याकाळी मुलांना समोर बसवून सांगे, आज इतके आले, इतके गेले, इतके राहिले. त्या घरातली मुलगी वर्गात पहिली वगैरे आली नाही. पण ती कधी भेदरलेली दिसली नाही, आणि गैरहजर राहिली तर दुसऱ्या दिवशी कारण ताठ मानेने सांगे.

मराठवाड्याला हे सारे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आईबापांबरोबर गेलेली मुले आज सत्तरीकडे झुकली आहेत. त्यातली कित्येक तिथूनच शाळेला कायमची दुरावली. २०१२-१३ आणि पुन्हा २०१५-१६ असा दुष्काळ पडला, तेव्हा पाण्याच्या टँकरची आणि लातूरच्या रेल्वेची छायाचित्रे देशभर झळकली. पण २०१५ च्या त्याच हंगामात लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयीन मुलीने घरात एसटीच्या पासापुरतेही पैसे नाहीत म्हणून आपले आयुष्य संपवले, हे किती जणांच्या लक्षात आहे? त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास जाहीर झाले. दुष्काळी गावांतल्या मुलांना बोर्डाची परीक्षा फीही माफ होते, पण कित्येकदा ती आधी भरायची आणि नंतर परत मिळायची, अशी तऱ्हा. ज्याच्याकडे भरायला नाही त्याला परतावा कशाचा, हा प्रश्न विचारायला गणित शिकलेले असावे लागत नाही.

पासाचे महत्त्व मी अंमळ जास्तच सांगतो आहे असे वाटेल. पण नवव्या इयत्तेची शाळा गावात नसते, ती पाच-सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात असते, आणि नववीत मुलगी थांबते ती याच अंतरापाशी. मानव विकास कार्यक्रमाचे आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी त्यांनी एसटीच्या बसगाड्या सुरू केल्या, सायकली दिल्या, अभ्यासिका काढल्या. सरकारी योजनांविषयी मी सहसा चांगले बोलत नाही, माझा तो स्वभाव नाही. पण सकाळी फुलंब्री किंवा पैठणच्या रस्त्यावर गणवेशातल्या मुलींनी भरलेली ती बस दिसते तेव्हा मी क्षणभर थांबून पाहतो.

ऊसतोडीचे गणित सर्वांत अवघड. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीच्या सुमारास जोडप्याने कोयता हाती घ्यायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. दहावीचे फॉर्मही दिवाळीच्या आसपासच भरले जातात. गावात आजी असेल तर मूल राहते. हंगामी वसतिगृह असेल आणि ते खरोखर चालत असेल, तरी राहते. नाही तर जाते. वय चौदा-पंधरा म्हणजे मोळ्या बांधण्याजोगे आणि धाकट्यांना सांभाळण्याजोगे. मार्चमध्ये परीक्षा केंद्रावर त्याचा बैठक क्रमांक बाकावर चिकटवलेला असतो आणि बाक रिकामे असते.

मुलींच्या वाट्याला एक जादा फाटा येतो. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, पुढच्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही. घरात एक मोबाइल, तो बापाच्या खिशात किंवा थोरल्या भावाच्या हातात. दीड-दोन वर्षांनी वर्ग भरले तेव्हा वर्गातली काही मुले गॅरेजात, बांधकामावर, भाजीच्या गाड्यावर होती. त्यांना शोधून आणता आले. काही मुलींच्या गळ्यात मंगळसूत्र होते. त्यांना आणणार कुठून? घरात खाणारे एक तोंड कमी होईल आणि लॉकडाऊनमध्ये लग्न स्वस्तात उरकेल, असा तो हिशेब. बेरीज बरोबर आणि उत्तर चूक, अशी ती उदाहरणे.

समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या महामंदीवर जे पुस्तक लिहिले, त्यातही मुलामुलींच्या वाटा अशाच फुटतात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९२०-२१ च्या सुमारास जन्मलेली १६७ मुले, म्हणजे मंदी आली तेव्हा शाळकरी. मुलगे छोट्या-मोठ्या कामांना लागले, मुली घरकामाला जुंपल्या गेल्या. काम केलेल्या मुलग्यांत लवकर जाणतेपण आले, आपण काय व्हायचे ते त्यांना लवकर उमगले. हे वाचून आपल्याकडचा कोणी म्हणेल, पाहा, गरिबीत तावून सुलाखून निघतात! सत्काराच्या भाषणांत हेच म्हटले जाते. पण एल्डर यांच्या त्याच पुस्तकात असेही आहे की सावरली ती प्रामुख्याने मध्यमवर्गीय घरातली मुले, ज्यांच्या घरी आधीची पुंजी, पुस्तके, ओळखी होत्या. शिवाय पुढे युद्ध आले आणि कामे निघाली. मुळात श्रमिक घरांतल्या मुलांचे तितके बरे झाले नाही. पेपर टाकून नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाची बातमी दर जूनमध्ये छापून येते, यावी. पण पेपर टाकून अडतीस टक्के मिळवणाऱ्याचेही घर तितकेच वाजता उठलेले असते.

मोठेपणी काय होणार, हा प्रश्न मी दरवर्षी नववीला विचारीत असे. आठवीपर्यंत उत्तरे रंगीत असतात. नववी-दहावीत ती झपाट्याने आखूड होतात. पोलीस भरती, आयटीआय, 'कंपनीत', आणि शेवटी 'जे मिळेल ते सर'. ही मुले महत्त्वाकांक्षी नाहीत असे समजू नये. त्यांची नजर कमी पडत नाही, मुदत कमी पडते. एका हुशार मुलाला मी विज्ञान शाखेबद्दल सांगत होतो, तर तो म्हणाला, "सर, पैसे कितव्या वर्षी चालू होतात?" मी बारावी, पदवी, पुढची परीक्षा असे मोजत गेलो. त्याने मान डोलावली आणि शांतपणे म्हणाला, "तोवर घरी कोण बघणार?" तो आयटीआयला गेला, फिटर झाला, शेंद्र्याच्या बाजूला कामाला लागला. वाईट काही झाले नाही. पण त्याची निवड कलाने झाली की मुदतीने, हे मला माहीत आहे, आणि त्यालाही.

यावर उपाय काय, हा प्रश्न आमच्याच शहराने एकदा फार चांगला सोडवला होता. १९५० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत काढले. तेव्हा मराठवाडा निजामी अमलातून मुक्त होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, विद्यापीठ यायला अजून आठ वर्षे होती. नागसेनवनात नुसते वर्ग उभे राहिले नाहीत, वसतिगृहेही उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखी माणसे तिथे होती. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या मुलाला तिथे जेवण, खाट आणि रात्रीचा उजेड मिळाला. त्याच्या घरची हलाखी त्याने काही नाहीशी झाली नाही, पण ती पाचशे पावले लांब ठेवता आली. सातारकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका म्हणून जे केले, कोल्हापुरात शाहू महाराजांनी बोर्डिंगे काढून जे केले, त्याचे मर्म हेच होते. शिकायची जागा आणि चिंतेची जागा वेगळी करणे. आता वसतिगृहे आहेत, पण ती बहुतेक दहावीनंतरच्यांना उपयोगी. नववीतला मुलगा राहतो दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे टीव्ही, चूल, आजोबांचा खोकला आणि थकलेला हप्ता हे सगळे एकाच बल्बखाली असते.

घरबसल्या करता येण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. आठवीत असतानाच एनएमएमएस नावाची एक शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मुलाच्या खात्यात. नेमके नववीचा कडा जिथे कोसळतो तिथे ही शिडी लावलेली आहे. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, अर्ज शाळेतूनच जातो. मुले अभ्यासात मागे पडतात त्याहून अधिक उत्पन्नाच्या दाखल्यात मागे पडतात. तहसीलच्या किंवा सेतूच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे बापाचा एक रोज बुडतो. सोसायटीत, कार्यालयात ज्यांच्याकडे कामाला माणसे आहेत, त्यांनी त्या एका दिवसाची भरपगारी सुट्टी दिली तरी पुष्कळ होईल. वह्यावाटपाचा फोटो त्यात निघत नाही, ही अडचण आहे खरी.

मुलांना घरातले खरे सांगावे की नाही, यावर पालकसभेत नेहमी वाद होई. बरेच वडील म्हणत, मुलांच्या डोक्याला कशाला ताप? माझे मत उलटे आहे. मुलांना कळतेच, फक्त आकडा कळत नाही, आणि आकडा नसलेली भीती कितीही वाढू शकते. हे मोठ्यांनाही लागू आहे, ते मला एका आईने दाखवले. मुलगी नववी पास झालेली, आई दोन बंगल्यांत पोळ्यांची कामे करणारी. ती शाळेत आली ती दाखला काढायलाच. "सर, दहावीचा खर्च आमच्याने होणार नाही." मी म्हटले, "ताई, बसा. किती येईल म्हणता?" ती म्हणाली, "तीस-चाळीस हजार तरी." हा आकडा तिला शेजारच्या क्लासच्या पाटीवरून मिळाला होता.

आम्ही एक पाठकोरा कागद घेतला. पुस्तके, तीही मागच्या वर्षीच्या मुलीकडून निम्म्यात. वह्या. बोर्डाचा फॉर्म. येण्याजाण्याचे. बुटांचा एक जोड. परीक्षेच्या महिन्यात तिच्या आईची दोन दिवसांची रजा, तीही धरली, कारण ती म्हणाली, "तेवढे पैसे कापतात ना." जादा तास शाळेतच होतात, त्याचे शून्य. बेरीज नऊ हजारांच्या आत आली, सगळी एकदम नव्हे, जून ते मार्च मिळून. तिने कागद माझ्या हातून घेतला, आकडे एकेक करून बोटाने मोजत खाली आली आणि दाखल्याचा अर्ज पिशवीत परत ठेवला. मग विचारले, "सर, यातले दिवाळीच्या आधी किती लागतील?"